दळवी, तो मंत्री मी केला होता

एकोणीसशे शहाण्णव साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तू चौसष्टचा. दिल्लीतलं सरकार तेरा दिवसांत पडलं होतं, नवा पंतप्रधान दक्षिणेकडचा निघाला होता, आणि केबिन रोडच्या तोंडाशी मंडळाचा जो फळा आहे त्यावर तुझ्या अक्षरात एक नाव चढलं होतं. ते नाव दिल्लीच्या यादीत कुठेच नव्हतं. ते तुला मी सांगितलं होतं. एवढं एक वाक्य मी एकवीस महिने गिळून बसलो, दळवी. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि आज मी ते लिहितोय. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. एकेक ओळ लिहायला वेळ लागतो. पण हे नातवाला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

जेसल पार्कात तुझ्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी गेलो होतो, मागच्या खुर्चीवर बसलो. मंडळाचा सेक्रेटरी बोलायला उठला. तुझं अक्षर किती सुंदर, तू वक्तशीर किती, सगळं बोलला. मग म्हणाला, "आणि एकदा तर दळवीसाहेबांनी आपल्या खारीवाल्यांना आख्खा मंत्रीच देऊन टाकला होता!" हॉल हसला. प्रेमानेच हसला, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या रांगेत वहिनींची मान खाली गेली ती मी बघितली. सेक्रेटरीने मला विचारलं, "बाळारामकाका, दोन शब्द?" मी हाताने नको म्हटलं. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरला कसला! घाबरला.

तुझी माझी ओळख त्या फळ्यापाशीच झाली. तू गिरगावातली खोली विकून इकडे आलास त्याला दोन वर्षं झाली असतील. छापखान्यात प्रुफं वाचायची तुझी नोकरी. सकाळी कामावर जायच्या आधी तू फळ्यावर बातम्या लिहायचास. एकोणनव्वद साली दिल्लीत सरकार बदललं आणि तू नव्या मंत्र्यांची यादी लिहिलीस. कोण कुठलं खातं, दोन रंगांच्या खडूंनी. मी समोर उभा राहून एकेक अक्षर लावून वाचत होतो, ओठ हलवत. मागून कोणीतरी म्हणालं, "चाचा, संध्याकाळपर्यंत होईल का?" मी वळून त्याला शिवी दिली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तू खडू झटकत बाजूला येऊन उभा राहिलास. मला वाटलं, हाही काहीतरी बोलणार. तू म्हणालास, "तुम्हीच एकटे पूर्ण वाचताय. बाकीचे नुसते बघून जातात."

मी म्हटलं, "पूर्ण कुठे? यात मीठ कोणाकडे ते नाही."

"मीठ?"

"मीठ. ज्यात माझी चाळीस वर्षं गेली. आमचं आगर सरकारच्या जागेत, आमची खारीतली घरं सरकारच्या जागेत. आमचा मालक दिल्लीत बसतो. तो कोण ते तुझ्या यादीत नाही."

तू ओशाळलास. मला ते आवडलं. शिकलेला माणूस ओशाळला की मला बरं वाटायचं, तो माझा जुना दोष. पण दुसऱ्या दिवशी तू फळ्यापाशी माझी वाट बघत उभा होतास. कुठून कुठून विचारून आला होतास. मीठ उद्योगाच्या खात्याखाली येतं, म्हणालास. आणि यादीच्या खाली तू वेगळी ओळ लिहिली होतीस, मीठ आणि पुढे त्या मंत्र्याचं नाव. त्यानंतर दिल्लीत जितके पंतप्रधान झाले, तितक्या वेळा तू ती ओळ लिहिलीस. लोक विचारायचे, हे काय? तू म्हणायचास, "खारीत वाचणारे आहेत." वाचणारे म्हणजे मी एकटा. हे मला ठाऊक होतं आणि तुलाही. माझ्यासाठी कोणी एवढं काही केल्याचं मला आठवत नाही. त्याबद्दल मी कधी बरं बोललो नाही. उलट म्हटलं, "ओळ जरा वर घे, खाली रिक्षावाले पान थुंकतात."

त्या फळ्यापुढे नव्या मंत्रिमंडळाच्या दिवशी जी गंमत असायची तिची सर कशाला नाही. जो तो आपला माणूस शोधायचा. कापडवाला छगनभाई चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, "दलवीभाय, आमचे गुजरातचे किती?" केळीवाला विचारायचा, "साहब, यूपी से कितने लिए?" आणि आकडा ऐकून म्हणायचा, "बस?" तुझ्या बिल्डिंगमधले देशपांडे अर्थखातं कोणाकडे एवढंच बघून, मान हलवून निघून जायचे, जणू त्यांना विचारलंच नव्हतं. तू सगळ्यांना उत्तरं द्यायचास आणि सगळे गेले की मला म्हणायचास, "बाळारामशेट, बघितलंत? खातं कोणी वाचत नाही, आडनाव वाचतात."

मी म्हणायचो, "मग काय चुकलं? आपला माणूस असला की दार तरी उघडतं."

तू म्हणायचास, "आपला माणूस दाराच्या आत गेला की आपला राहत नाही."

हा आपला वाद सात वर्षं चालला. मी तुला सांगायचो, तुझी मुलं बँकेत, तुला दारं कोणी बंद केलीच नाहीत, तुला काय कळणार. तू गप्प बसायचास. तू गप्प बसलास की मी जिंकलो असं मी धरायचो.

शहाण्णवच्या मे महिन्यात पहिलं सरकार आलं. तू यादी लिहिलीस, मिठाची ओळ लिहिलीस. लोक म्हणाले, आता पाच वर्षं निवांत. तेराव्या दिवशी ते गेलं. तू फळा पुसताना म्हणालास, "खडू ओला होता अजून." मग नवा पंतप्रधान ठरला. फळ्यासमोरच्या शेट्टीच्या हॉटेलात त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट. शेट्टी टेबलाटेबलावर जाऊन सांगत होता, "हमारे उधर का आदमी है! किसान आदमी! लुंगी में रहता है!" छगनभाई म्हणाला, "अब पानी के बदले सांबार आएगा नल में." तू हसून हसून खोकलास.

तूच मला सांगितलंस की हा नवा पंतप्रधान खासदारसुद्धा नाही. मी म्हटलं, असं कसं? तू म्हणालास, कायद्यात सोय आहे, सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. तू मला जे काही शिकवलंस ते मी असं अर्धं उचललं आणि पुढे चालवलं.

आता ती गोष्ट. मिठागर कामगारांच्या युनियनचे भाऊ तुला माहीत होते. कधी निवडून आलेले नाहीत, पण मोर्चात पुढे. त्या वर्षी खारीत आणि आजूबाजूला जमिनीच्या नोटिसा येत होत्या. मिठाच्या जागेत राहता, हटा. चार बाजूंनी बिल्डिंगा उठत होत्या आणि आमच्या घरांवर पाडायचे नंबर पडत होते. आमची सगळी आशा भाऊंवर. शपथविधीच्या आदल्या दिवशी भाऊंचा ड्रायव्हर मला बाजारात भेटला. म्हणाला, "काका, भाऊंना दिल्लीवरनं बोलावनं आलंय. इमानात बसून गेले सकाली. नवा कोट घेतला." मी विचारलं, "कशाला बोलावलंय?" तो हसला, म्हणाला, "आता मी काय बोलू? तुमीच समजून घ्या."

मी समजून घेतलं. नको तेवढं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याआधी फळ्यापाशी पोचलो. तुला म्हटलं, "लिही. भाऊ राज्यमंत्री. उद्योग. मीठ भाऊंकडे."

तू म्हणालास, "बातमी कुठली?"

"घरातली."

"बाळारामशेट, रेडिओवर आलेलं नाही, छापून आलेलं नाही. आणि भाऊ खासदार नाहीत."

मी म्हटलं, "अरे, पंतप्रधानच खासदार नाही असं तूच म्हणतोस. त्याला चालतं आणि माझ्या माणसाला चालत नाही? कोट अंगावर आहे, माणूस दिल्लीत आहे, शपथ दुपारी आहे. अजून काय पाहिजे तुला? सही-शिक्का?"

तू खडू हातात घेऊन उभा राहिलास. तुझा नियम मला माहीत होता. तू सांगायचास, प्रूफ वाचणाऱ्याने स्वतःच्या डोळ्याने मूळ कागद बघितल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. मग मी ते वाक्य बोललो, ज्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "देशपांड्याने सांगितलं असतं तर लिहिलं असतंस. मिठातल्या माणसाचा शब्द तुला पुरत नाही."

हे खोटं होतं आणि ते खोटं आहे हे बोलताना मला माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. फळ्याकडे वळलास आणि लिहिलंस. हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. भाऊंचं नाव, खाली मिठाची ओळ, आणि त्याखाली, मी सांगितलं म्हणून, हार्दिक अभिनंदन.

तासाभरात खारी उसळली. ताशेवाले आले. पेढ्यांचे पुडे फुटले. दुकानदार बघायला बाहेर आले. मला लोकांनी उचलायचं तेवढं बाकी ठेवलं, गुलालाने डोळे भरले. केळीवाला म्हणाला, "चाचा, अब तो आप का राज." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं सांगतो, तेवढा मोठा मी आयुष्यात कधी झालो नाही. तू शेट्टीच्या दारात उभा होतास. मी पेढा आणला तर म्हणालास, "शपथ झाल्यावर खाईन." मला राग आला. पेढा मी स्वतःच खाल्ला.

दुपारी माझ्या घरी टीव्हीपुढे पन्नास माणसं. दारात, खिडकीत, ओट्यावर. माझी थोरली बहीण यमुना टीव्हीच्या पायाशी बसली, तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. एकेक मंत्री उठायचा, कागद हातात घ्यायचा, शपथ घ्यायचा. यमुना विचारायची, "आला का रं आपला?"

"न्हाय, आक्का. आता मोठे चाललेत. आपला नंतर."

"आला का रं?"

"थांब ना गं, येतंय."

मोठे संपले. पुढचे सुरू झाले. कोणीतरी म्हणालं, आता. सगळे पुढे सरकले. दक्षिणेतला एक उठला, बिहारचा एक उठला. दारात ताशा गळ्यात अडकवून उभा असलेला माणूस काठ्या हातात धरून तयार होता. नावं संपली. राष्ट्रगीत लागलं. आम्ही सगळे उभे राहिलो, गुलालासकट. ते संपलं तरी कोणी बसेना. यमुना म्हणाली, "झालं? मंग आपला कंदी आला? मना कोनी सांगलं न्हाय."

मग एक जण म्हणाला, "फळ्यावर लिवलंय त्यानं." दुसरा म्हणाला, "कोनी लिवलंय? त्या जेसल पार्कवाल्यानं. आमची मस्करी केली भाड्यानं." आणि माणसं उठून निघाली. माझ्या घरातून निघाली, माझ्या डोळ्यांदेखत. तिथे मी एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथेच थांबलं असतं. माझ्या ओट्यावर, माझ्या माणसांत. मी पाणी प्यायला आत गेलो. माठापाशी उभा राहिलो आणि बाहेरचा आवाज कमी होईपर्यंत पीत राहिलो.

भाऊ दिल्लीहून आले तेव्हा कळलं, ते इतर युनियनवाल्यांबरोबर निवेदन द्यायला गेले होते. नवा कोट घेतला तो तिथे फोटो काढायचा म्हणून. फोटो निघाला. निवेदन कुठे गेलं देव जाणे. भाऊंना कोणी हसलं नाही. ड्रायव्हरला कोणी विचारलं नाही. मला कोणी विचारलं नाही. सगळं तुझ्यावर. तुला लोकांनी खातं दिलं, अफवा खात्याचे मंत्री. भाजी घ्यायला निघालास की हाक यायची, "मंत्रीसाहेब, आज कोणाला शपथ?" फळ्यावर कोणीतरी रात्रीतून तुझ्या चष्म्याचं चित्र काढून ठेवलं. महिन्याभरात तू खडूंचा डबा मंडळात नेऊन दिलास. पुढल्या वर्षी आणखी एक पंतप्रधान झाला, तेव्हा त्या फळ्यावर कॉम्प्युटर क्लासची जाहिरात होती. मिठाची ओळ मग कोणीच लिहिली नाही.

आणि तू माझ्याकडे येत राहिलास. हे मला कळत नाही, दळवी, आणि याचा मला राग आहे. तुझ्यावर. पेपर घेऊन यायचास, ओट्यावर बसायचास, वाचून दाखवायचास. एकदाही म्हणाला नाहीस की बाळारामशेट, तुमच्यामुळे झालं. म्हणाला असतास तर मी भांडलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मग कदाचित कबूल केलं असतं. तू मला भांडायलाही जागा ठेवली नाहीस. तुझं ते गप्प बसणं! मला वाटायचं, हा मनातून मला लहान समजतो, म्हणून सोडून देतो. आता वाटतं, तसं नव्हतं. पण तू सांगितलं का नाहीस?

सांगायच्या बेतात होतास बहुतेक, शेवटी. हॉस्पिटलात मी बसलो होतो, वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "बाळारामशेट, तो फळा..." मी लगेच म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल. डाळिंब खा." आणि दाणे तुझ्या हातात कोंबले. तू दाण्यांकडे बघत राहिलास. तुला काय म्हणायचं होतं? माफ केलं म्हणायचं होतं? की सांगून टाका म्हणायचं होतं? की नुसतं विचारायचं होतं की आता फळ्यावर कोण लिहितं? मला कधीच कळणार नाही. ती शिक्षा मला बरोबर बसली आहे.

तू गेलास आणि चारच दिवसांत दिल्लीत पुन्हा नवीन मंत्रिमंडळ झालं. केबिन रोडवर तोच बाजार. छगनभाई खूश, शेट्टीचं तोंड पडलेलं, केळीवाला यूपीचे मोजतोय. कोणीतरी म्हणालं, "आज दळवी पाहिजे होता, एखादा जास्तीचा मंत्री दिला असता." लोक हसले. आपला माणूस आत गेला काय आणि बाहेर राहिला काय, नोटिसा यायच्या तशा येतातच. तो वाद तू जिंकलास. घे. सात वर्षं मी तुला हे दिलं नाही, आता देतोय, आता तुला त्याचा काय उपयोग.

हा कागद मी मंडळाच्या सेक्रेटरीकडे देणार आहे. तुझ्या आठवणींची जी पुस्तिका काढताहेत त्यात छापा म्हणणार आहे, एक शब्द न गाळता. खारीतही वाचून दाखवा म्हणणार आहे. माझी माणसं मला काय म्हणायचं ते म्हणोत. वहिनींनी मान वर करावी एवढंच मला पाहिजे. पण मग सगळं सांगायला हवं. नाव मी दिलं एवढ्यावर थांबलो तर तीही लबाडीच. शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे. इतरांना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रोजच्यासारखा शेट्टीकडे गेलो. तू ओल्या फडक्याने फळा पुसत होतास. भोवती खारीतले दहा-बारा जण उभे होते आणि एक जण तुझ्या खांद्याला धरून विचारत होता, "तुला कोनी सांगलं, नाव घे." तू म्हणालास, "बातमी मी तपासली नाही. लिहिणारा मी, चूक माझी." त्यांना ते पटेना. मग त्यातल्या एकाला मी दिसलो. तो तिथून ओरडला, "बाळारामकाका, तुमी रोज याच्यासंगं आसता. तुमाला ठावं आसंल. कोनी सांगलं याला?" तू वळला नाहीस, पण तुझा हात फळ्यावर थांबला. मी बशीत चहा ओतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला काय विचारता? मी अडाणी माणूस. मला धड वाचता तरी येतं का?" ते हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. तुझा हात पुन्हा चालू झाला, आणि मी चहा प्यायलो.